वर्गाचा पेनड्राइव्ह

शुक्रवार, १२ डिसेंबर. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

मी सिहोऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवते. गेल्या वर्षी प्रकल्प दिला होता: आईला धानाच्या कामांबद्दल बोलतं करा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. ते सगळं वर्गाच्या पेनड्राइव्हवर घेतलं. घरचे मोबाईल भरलेले, म्हणून मीच म्हणाले, "तुमच्याकडचं पुसून टाका, शाळेत राहील."

आज सकाळी त्या वर्गातली सुरेखा आली. तिची आई दिवाळीआधी वारली.

"मॅडम, मायचा आवाज द्या ना. लहानी बहीण विसरून राहिली. माय त्यात मले रागावते, तेवढं कापू नका हं."

"शोधते," मी म्हणाले.

नवी तुकडी आली की पेनड्राइव्ह रिकामा करायचा, ही आमची पद्धत. जूनमध्ये मीच तो पुसला होता. मार्क देऊन झाले होते ना!

तरी शाळा सुटल्यावर तुमसरच्या कॉम्प्युटर दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "याच्यावर दुसरं भरलं, मॅडम. आता नाही भेटत."

पुसलं हे सकाळीच माहीत होतं. मग मी "शोधते" का म्हणाले? तुम्ही काय म्हणाला असता?

उद्याचं काम: सुरेखाच्या घरी जाऊन खरं सांगणे.