प्लिंथपर्यंत आलेलं घर

मुरलीधर देवस्थळींनी लीड्समधल्या बऱ्याच मराठी लोकांची घरं आतून-बाहेरून बघितली आहेत, आणि ती काही जेवायला बोलावलं म्हणून नव्हे. कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलमध्ये होते ते. तुम्ही मागे किचन वाढवा, लॉफ्टमध्ये खोली काढा, की हे दारात हजर. बूट काढून आत यायचे, भिंतीवर बोटाचं पेर टकटक वाजवायचे आणि चहाचा घोट घेत शांतपणे सांगायचे, "हे पाडावं लागेल." ओळखबिळख काही चालायची नाही. इथल्या मराठी मंडळाच्या एका अध्यक्षांच्या कन्झर्व्हेटरीचं, म्हणजे काचेच्या खोलीचं, छप्पर त्यांनी उतरवायला लावलं आणि त्याच आठवड्यात त्यांच्याच घरी गणपतीच्या आरतीला टाळ कुटत उभे राहिले! मनात काही नसायचं हो, पण भिंत वाकडी असेल तर ती वाकडी आहे हे सांगितल्याशिवाय या माणसाला जेवण जात नसे.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आणि गेल्या काही वर्षांत विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. दिवसा ठीक असायचे, रात्री उठून बाहेर पडायचे. एकदा पायजम्यावर बस स्टॉपवर सापडले, एकदा थेट रिंग रोडच्या कडेला, पोलिसांनी घरी आणून सोडलं. वरदाताई, म्हणजे त्यांची बायको, दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. बसल्या बसल्या डोळा लागला की हे निघालेच. आणि वरदाताई तरी काय विशीच्या आहेत? चौऱ्याहत्तर पूर्ण, त्यात कमरेचं ऑपरेशन झालेलं.

मुलगा अंशुमन लंडनला, ईलिंगमध्ये असतो. त्याने आईवडिलांच्या घराजवळच एक केअर होम शोधलं होतं, खोलीही रिकामी झाली होती. होय की नाही ते सोमवारी सकाळी कळवायचं होतं. वरदाताईंना होय म्हणवत नव्हतं. कारण आजार कळला त्या दिवशी नवऱ्याचा हात धरून त्यांनी सांगितलं होतं, "मी असेपर्यंत तुम्हाला कुठे पाठवायची नाही." आता तो शब्द कसा मोडायचा? आणि मोडायचा तर कुणाला विचारून? ज्याला विचारायचं, त्याला विचारायची सोय राहिली नव्हती.

अशात रविवारी मंडळाची ज्येष्ठांची सहल निघाली, हेड्रियनच्या भिंतीवरचा, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या रोमन तटावरचा, एक किल्ला बघायला. एक दिवस तरी दोघं मोकळ्या हवेत जाऊ म्हणून वरदाताईंनी नावं दिली होती. कोचमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या फिरल्या, अंताक्षरी झाली, उत्तरेकडे जाता जाता ढग खाली खाली येत गेले. उतरले तेव्हा टेकडीवर धुकं होतं, पातळ, हळूहळू सरकणारं. त्यातून मेंढ्या दिसायच्या आणि नाहीशा व्हायच्या. आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा यायचा.

माहिती सांगायला कस्तुरी होती. मंडळातल्याच एकांची नात, इथेच जन्मलेली, पुरातत्त्व शिकलेली. मराठीत सांगायचा तिचा हट्ट. "हा भिंत जवळजवळ नाइन्टीन हंड्रेड वर्षांचा आहे," ती म्हणाली. "रोमन सोल्जर इथे राहायचा. फॅमिली पण राहायची. बघा, हे सगळे रूम्स आहेत."

रूम्स म्हणजे काय, तर गुडघ्याएवढ्या दगडी भिंती. चौकोनाला लागून चौकोन, मधे हिरवंगार गवत, वर उघडं आकाश. बाकीचे फोटो काढायला लागले. मुरलीधरराव मात्र थबकले. त्यांची पाठ ताठ झाली. एका भिंतीशी वाकले, बोटाचं पेर दगडावर टकटक वाजवलं, एक डोळा मिटून कड बघितली.

"काम प्लिंथपर्यंत आलंय, जोतं झालंय," ते म्हणाले.

दोघंतिघं हसले. कस्तुरी पुढे झाली. "काका, काम चालू नाही. काम झाला. खूप वर्षांपूर्वी फिनिश."

"कोण म्हणतं झालं? छप्पर कुठाय?"

तिने वरदाताईंकडे बघितलं. वरदाताईंनी डोळ्यांनीच खुणावलं, राहू दे गं. कस्तुरी बाकीच्यांना घेऊन सैनिकांचे संडास दाखवायला गेली. ते बघायला सगळेच उत्साहाने निघाले, आपली माणसं! त्यांची बडबड धुक्यात विरत गेली आणि त्या चौकोनात हे दोघंच उरले.

मुरलीधरराव खोल्याखोल्यांतून फिरत होते. एका ठिकाणी फरशीखाली ठेंगणे दगडी खांब होते, खालून गरम हवा खेळवायला केलेले. ते बघून खूश झाले. "मिस्त्री शहाणा आहे. ओल वर चढायची नाही." मग हात कमरेवर ठेवून वरदाताईंकडे वळले आणि विचारलं, "घर तुमचंच ना, बाई?"

तो आवाज ऑफिसातला होता, परक्याशी बोलायचा. हल्ली असं व्हायचं अधूनमधून. त्या म्हणायच्या, "अहो, मी वरदा," की ते कावरेबावरे व्हायचे आणि सगळी दुपार वाया जायची. आज त्या तसं म्हणाल्या नाहीत. धुक्यामुळे म्हणा, दमल्यामुळे म्हणा, त्यांना वाटलं, असू दे, आज आपण परक्या तर परक्या.

"हो, माझंच," त्या म्हणाल्या.

"छान आहे. हे बघा, दार इकडे येईल. आत आलात की डाव्या हाताला स्वयंपाकघर, खिडकी पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन ओट्यावर पडेल." ते हाताने दाखवत चालले आणि खोटं कशाला सांगू, वरदाताईंना ते दिसायला लागलं. भिंती वर चढल्या. खिडकी आली. खिडकीत कोथिंबिरीची कुंडीसुद्धा आली. त्या गवतात उभ्या होत्या आणि पायाला फरशी लागत होती. कितीतरी दिवसांनी त्यांना काही म्हणजे काही करायचं नव्हतं, नुसतं मागून चालायचं होतं.

"राहणार कोण कोण?" मुरलीधररावांनी विचारलं.

"मी आणि माझे मिस्टर."

"मिस्टर कसे आहेत? जिना चढतात?"

"चढतात." वरदाताई म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण विसरतात हो सगळं. रात्री उठून बाहेर जातात. मला झोप लागली की जातात."

"बघायला कोण आहे?"

"मीच."

"एकट्या?"

"एकटीच."

त्यांनी च्च् केलं. "हे नाही चालायचं, बाई. एवढा भार एका खांबावर कुणी टाकतं का? खांब उभा दिसतो आणि एक दिवस मटकन बसतो. मग घरही गेलं आणि खांबही."

वरदाताई भिंतीवर टेकल्या. दगड गार होता. "त्यांच्यासाठी एक जागा बघितली आहे," त्या म्हणाल्या. "चांगली आहे. रात्रंदिवस माणसं असतात. पण मी त्यांना शब्द दिला होता, कुठे पाठवणार नाही म्हणून."

मुरलीधरराव पुन्हा भिंतीकडे वळले. धुकं इतकं दाट झालं की त्यांचे बूट दिसेनात. वरदाताईंना वाटलं, गेलं, धागा तुटला. त्या तरीही विचारून बसल्या, "तुम्हाला काय वाटतं? काय म्हणतील ते?"

"चिडतील," ते म्हणाले. "मी असतो तर भांडलो असतो. घरी चल म्हणून बसलो असतो, रोज." त्यांनी हाताखालच्या दगडावरचं शेवाळ नखाने खरवडलं. "तरीही तुम्ही पाठवा."

"आणि शब्द?"

"शब्द दिलात तेव्हा तुम्हाला रात्री झोप लागत होती, बाई."

वरदाताईंनी पदर तोंडाला लावला. रडू आलं ते काही आवरेना. मुरलीधररावांनी, परक्या बाईच्या दुःखात उगाच लुडबुड नको म्हणून, सभ्यपणे तोंड फिरवलं आणि पलीकडची भिंत तपासायला घेतली.

थोड्या वेळाने कस्तुरीच्या हाका आल्या, "काका, मावशी, चला, कोच निघतोय!" त्याबरोबर ते एकदम म्हातारे झाले. पायरी उतरताना त्यांनी वरदाताईंचा हात धरला, कोण आहे ते न बघताच.

कोच सुटला. पाठीमागे पुन्हा अंताक्षरी सुरू झाली होती, दमलेल्या आवाजांत. मुरलीधररावांची मान वरदाताईंच्या खांद्यावर कलंडली. त्यांना गाढ झोप लागलेली बघून वरदाताईंनी अंशुमनला फोन लावला. "केअर होमवाल्यांना हो म्हणून कळव," त्या हळू आवाजात म्हणाल्या. तो पलीकडून काही बोलायला लागला, आई, नक्की ना, नंतर तुला वाटायला नको. "वाटणारच आहे," त्या म्हणाल्या. "तू कळव." आणि फोन ठेवून दिला.

बाहेर धुकं संपून शेतं लागली होती. मुरलीधररावांनी डोळे उघडले, बराच वेळ खिडकीतून बघत राहिले.

"वरदा," ते म्हणाले, "तिथे एक बाई भेटल्या होत्या. घर बांधतायत. फार दमल्यात गं बिचाऱ्या."

वरदाताई त्यांच्याकडे वळल्या. "मग? काही सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. पण एक राहूनच गेलं." ते आठवत राहिले. वरदाताई त्यांच्या तोंडाकडे बघत थांबल्या, हे आता निसटलं तर पुन्हा कधी यायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "त्यांच्या मिस्टरांना कळतं, त्या किती करतात ते. बोलता येत नसेल माणसाला, पण कळतं. तुला भेटल्या तर सांगशील?"

"सांगते," वरदाताई म्हणाल्या.