नॉर्थ डाकोटाचा मतदार

लोकशाहीत प्रत्येक माणूस मोजला जातो, असं म्हणतात. म्हणणारे बहुधा व्यासपीठावर बसलेले असतात. आमचा सुहास सत्तेचाळीस वर्षं जगला, दोन देशांत राहिला, तिसऱ्याच देशातल्या एका राज्याच्या निवडणुकांचा इतिहास त्याला तोंडपाठ होता, आणि त्याला आयुष्यात कोणी एकदाही मोजलं नाही.

तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉक स्टेशनला डार्टमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, उतरत होते. फोनवर त्याची बायको मेधा होती. "गेला गं," एवढंच म्हणाली. मी फलाटावर उभी राहिले आणि लॅपटॉपच्या पिशव्या घेतलेली माणसं खांबाला वळसा घालावा तशी माझ्या दोन्ही बाजूंनी गेली. मग मी ऑफिसात गेले, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी रोजच्यासारखं सांगितलं, नो ब्लॉकर्स. कामात कसलाही अडथळा नाही… त्यानंतर हॉस्पिटलला जायला बस पकडली.

आमची ओळख पुण्याची. हिंजवडीला आमची पहिली नोकरी एकाच टीममध्ये होती. नॉर्थ डाकोटा नावाच्या अमेरिकन राज्यातल्या निवडणूक कार्यालयांसाठी एक सॉफ्टवेअर बनवायचं होतं. आमच्यापैकी एकालाही ते राज्य नकाशावर दाखवता आलं नसतं. सुहासने मतदाराचा स्क्रीन बनवला आणि त्यात 'नोंदणी क्रमांक' असा रकाना टाकला, तो भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा. तिकडच्या बाईंनी कळवलं की हा रकाना काढा, आमच्याकडे मतदार नोंदणी नसते. आमच्या टीम लीडने ते वाचलं आणि म्हणाला, "यादीशिवाय निवडणूक होते का कुठे? बाईंना प्रश्न कळलेला नाही. नीट इंग्रजीत विचार." सुहासने नीट इंग्रजीत विचारलं. मग आणखी नीट इंग्रजीत विचारलं. शेवटी त्या सहनशील बाईंनी लिहिलं की अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत नोंदणी आहे, फक्त आमच्यात नाही. इथे लोक ओळखपत्र घेऊन येतात आणि मत देऊन जातात. इथे लोक एकमेकांना ओळखतात.

आम्ही हसलो. सुहास मात्र बराच वेळ खुर्चीत मागे रेलून त्या वाक्याकडे बघत राहिला. का, ते त्याने मला कँटीनमध्ये सांगितलं. अठरा वर्षांचा झाल्यावर पहिल्या मतदानाला तो नागपुरात वडिलांबरोबर शाळेतल्या केंद्रावर गेला होता. इस्त्रीचा शर्ट वगैरे घालून. यादीत वडिलांचं नाव होतं, आईचं होतं, आजोबांचंही होतं. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. सुहासचं नव्हतं. टेबलापलीकडच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "यादीत नाव नाही." पुढच्या वेळी नाव होतं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर, आणि तिथे पोचेपर्यंत दारं बंद झाली. त्यानंतर तो पुण्यात होता आणि नाव नागपुरात. नंतर तो डब्लिनला आला आणि नाव कुठे होतं कोण जाणे. ज्या माणसाला इतक्या वेळा यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलंय, त्याला जगात एक राज्य असंही आहे की जिथे यादीच नाही, हे कळल्यावर दुसरं काय होणार होतं? तो त्या राज्याच्या प्रेमात पडला. तिथे कधी गेला नाही. जायचं असतं तर व्हिसा लागला असता, आणि तोही एक यादीचाच प्रकार.

मग वीस-बावीस वर्षं आम्ही नॉर्थ डाकोटा ऐकलं. ऐकणाऱ्याला समजावं म्हणून तो राज्याच्या निवडणुकीला विधानसभा म्हणायचा आणि देशाच्या निवडणुकीला लोकसभा. गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, राज्यपाल नव्हे, हे प्रत्येक वेळी बजावायचा, कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारायचंच की राज्यपालाला कोण कशाला निवडून देईल. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःचा पक्ष न काढता सत्ताधारी पक्षाच्याच उमेदवारनिवडीत शिरून राज्य कसं ताब्यात घेतलं, राज्याची स्वतःची बँक आणि स्वतःची पिठाची गिरणी कशी काढली, आणि ती दोन्ही आजतागायत कशी चालू आहेत, हे तो घरच्या लग्नाची हकीकत सांगावी तसं सांगायचा. त्याच लोकांनी आपल्या गव्हर्नरला मुदतीआधी मत देऊन घरी पाठवलं आणि पुढच्याच वर्षी त्यालाच सिनेटवर निवडून दिलं. "ह्याला म्हणतात मतदार," सुहास म्हणायचा. "विधानसभेला नको, पण लोकसभेला चालेल. विचार करून दिलंय."

त्याचा जीव अडकला होता तो ह्यातच. ते राज्य कित्येक दशकं राष्ट्राध्यक्षासाठी एका पक्षाला मत द्यायचं आणि त्याच दिवशी, त्याच कागदावर, वॉशिंग्टनला पाठवायच्या माणसांसाठी दुसऱ्या पक्षाला. वर एक, खाली एक. सुहासच्या मते माणूस पक्ष न बघता माणसाकडे बघतो ह्याचा जगातला हा शेवटचा पुरावा होता. गेल्या काही वर्षांत तोही संपला. आता तिथे वरपासून खालपर्यंत एकच रंग असतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो नकाशा उघडून बसायचा, तेव्हा त्याची मुलगी ईरा म्हणायची, "बाबा, नोबडी केअर्स अबाऊट नॉर्थ डाकोटा." ती मराठी सगळं समजते आणि उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत देते. तो म्हणायचा, "तेच तर म्हणतोय मी." त्याचा विषय त्याच्याआधी गेला, हे मला आता लिहिताना जाणवतंय. त्याला ते आधीच जाणवलं असणार.

इथल्या मराठी मंडळातही त्याने एकदा प्रयत्न केला. गणपतीत त्याचं भाषण ठेवलं होतं, आणि हॉलमध्ये जे मोजके लोक उरले होते ते जेवणाची वाट बघत होते. पुढे मंडळाचा खजिनदार निवडायची वेळ आली तेव्हा सुहासने उभं राहून सांगितलं की दोन नावं आहेत तर चिठ्ठ्या टाकून मतदान घेऊ. जणू त्याने कोणाच्या घरची भानगड बाहेर काढली, असे लोक एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "अरे सुहास, आपण काय परके आहोत का? सगळे एकमेकांना ओळखतो." दुसऱ्या उमेदवाराने तिथल्या तिथे नाव मागे घेतलं आणि खजिनदार बिनविरोध झाला. गाडीत बसल्यावर सुहास म्हणाला, "तिकडे एकमेकांना ओळखतात म्हणून यादी नाही. इकडे एकमेकांना ओळखतो म्हणून मत नाही." मी हसले. तो हसला नाही.

आता मुख्य गोष्ट. आयर्लंडमध्ये राहणाऱ्या कोणालाही, पासपोर्ट कुठलाही असो, स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. नगरसेवक निवडायला नागरिकत्व लागत नाही. हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. आपण परदेशात आहोत म्हणजे आपल्याला मत नाही, असं आपण विमानात बसतानाच ठरवून टाकतो. सुहासलाही माहीत नव्हतं. त्यात मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी कधीतरी टाकलं होतं की नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर कुठे मतबित देऊ नका, फाईल अडकते. त्या ग्रुपवरचं काहीही खरं न मानणाऱ्या सुहासने हे एक मात्र खरं मानलं, कारण ह्याला त्याच्याकडे पुरावा होता. नॉर्थ डाकोटाच्या एका गव्हर्नरला शपथ घेतल्यावर महिना-दीड महिन्यात पद सोडावं लागलं होतं. त्याने काही वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यातल्या एका शहराच्या पालिकेच्या निवडणुकीत मत दिलं होतं, म्हणजे तो नॉर्थ डाकोटाचा रहिवासी नव्हताच, असं कोर्टाने ठरवलं. ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट. "मत दिलं आणि खुर्ची गेली," असं म्हणून तो टेबलावर हात आपटायचा. त्या गोष्टीवरून त्याने स्वतःसाठी धडा घेतला, आणि अर्ज तर त्याने वर्षानुवर्षं केलाच नाही, कारण भारताचा पासपोर्ट सोडला की भारतातलं मत जाणार. जे मत कधी दिलं नाही ते गमवायची त्याला भीती वाटत होती. दर पाच वर्षांनी दारावर कोणी प्रचाराला आलं की तो अदबीने सांगायचा, आम्हाला मत नाही. आणि आयरिश माणसं सभ्य असल्यामुळे, काही हरकत नाही म्हणून पुढच्या दाराकडे वळायची. अशा दोन निवडणुका त्याच्या दारावरून गेल्या.

तिसऱ्या वेळी जी बाई आली ती सभ्य नव्हती. मी त्या संध्याकाळी तिथेच जेवायला होते. भिजलेला रेनकोट, हातात पत्रकं, घरासमोरच्या दिव्याच्या खांबावर तिचाच हसरा फोटो प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला. सुहासने नेहमीचं वाक्य म्हटलं. ती म्हणाली, "इथे राहता ना? किती वर्षं?"

"चौदा."

"मग मत आहे तुम्हाला. पासपोर्ट कोण विचारतंय?"

सुहासचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जन्मभर गणित शिकवलेल्या मास्तराला कोणीतरी पाढा चुकला म्हणून सांगावं तसा. मग ती बाई जरा ओशाळून म्हणाली की ह्या वेळची नोंदणी मात्र मागच्या आठवड्यात बंद झाली. पुढच्या वेळी नक्की. यू आर ग्रँड, म्हणजे काही बिघडलं नाही, म्हणाली, आणि शेजारी गेली.

तो आत आला, जेवण तसंच ठेवून त्याने फोनवर पुढच्या वेळेसाठीचा अर्ज भरायला घेतला. मेधालाही म्हणाला, तुझाही भरतो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "पाच वर्षं आहेत रे. जेव आधी." काही दिवसांनी त्याचा अर्ज आणखी एक कागद जोडा म्हणून परत आला. त्याने तो जोडून पाठवला. त्या शरद ऋतूत त्याला डोकेदुखी सुरू झाली.

पुढचं सगळं ब्युमॉन्ट हॉस्पिटलात झालं. गाठ मेंदूत होती आणि शब्दांच्या जवळ होती. आधी लहान शब्द गेले. चमच्याला तो काउंटी म्हणायला लागला, खिडकीला सिनेट. ईराला वाटायचं तो मुद्दाम करतोय, आणि आम्ही तिला तसंच वाटू दिलं. एवढं बोलणारा माणूस, त्याने एक ओळही लिहून ठेवली नव्हती. त्या राज्याचा मराठीत सांगितलेला एकुलता एक इतिहास एकेका शब्दाने आमच्या डोळ्यांसमोर पुसला जात होता आणि त्यातलं काय धरून ठेवावं हे आम्हाला कळत नव्हतं, कारण इतकी वर्षं आम्ही नीट ऐकलंच नव्हतं. शेवटच्या भेटीत तो बराच वेळ डोळे मिटून पडला होता. मग त्याने मेधाकडे बघून अगदी स्वच्छ विचारलं, "यादीत नाव आलं का?"

त्या दिवशी त्याचा स्कॅन व्हायचा होता आणि सकाळपासून नंबर लागत नव्हता. मेधा म्हणाली, "आलंय. झोप आता." तो झोपला. तो स्कॅनचं विचारत नव्हता हे आम्हा दोघींच्याही लक्षात यायला अंत्यविधीचा दिवस उजाडावा लागला…

अंत्यविधीला नगरसेविका आली. तीच, रेनकोटवाली. निवडून आली होती. इथले राजकारणी कोणाच्याही अंत्यविधीला येतात, त्याला ते कामाचाच भाग समजतात. ती रांगेत उभी राहिली, प्रत्येकाचा हात हातात घेऊन सॉरी फॉर युअर ट्रबल म्हणाली. मंडळाच्या अध्यक्षांना ती हॉस्पिटलमधली कोणी वाटली. जाताना ती मेधाला हळूच म्हणाली की त्या दिवशी ते दारात इतके खट्टू झाले होते की माझ्या लक्षात राहिलं. मग म्हणाली, त्यांनी नंतर नाव नोंदवलं का? आणि तुम्ही? मला तिचा राग आला. मेधाला नाही आला. "तिचं कामच आहे गं ते," म्हणाली. मग एकदम थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "तो ती यादी विचारत होता."

गेल्या शनिवारी आम्ही दोघी त्यांच्या घराजवळच्या वाचनालयात गेलो. त्यांच्या घरासमोरच्या खांबावरचा फोटो कधीच उतरवलाय, मतदानानंतर आठवड्याभरात उतरवावा लागतो. काळ्या पट्ट्या तशाच आहेत. काउंटरवरच्या माणसाने मतदारयादी काढून दिली. ती रस्त्यांप्रमाणे लावलेली असते, मग घराचा क्रमांक, मग नाव. मेधाने बोट खाली आणत नेलं आणि आपल्या घरापाशी थांबवलं.

सुहासचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता. पुढे इंग्रजी एल होता, म्हणजे फक्त स्थानिक निवडणुकीपुरता. पुढची स्थानिक निवडणूक यायला अजून काही वर्षं आहेत. मेधा त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली… मग तिने खालची ओळ वाचली. ती शेजारच्या घराची होती. तिने पुन्हा वरून बघितलं.

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, मिळालं का हवं ते.

मेधाचं नाव यादीत नव्हतं.