पुलावरच्या पहारेकऱ्याची आई

त्रिशला मगदूम यांच्या घरात रविवारी दुपारी जे चालते त्याला शेजारी ‘पोरांचा सोंगट्यांचा खेळ’ म्हणतात. सोंगट्या त्यात नावालाच असतात. एकजण कल्पनेतल्या राज्याची गोष्ट सांगत नेतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक व्यक्ती होतात, आणि एखादे धाडस साधले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. हा खेळ त्यांच्या एकुलत्या मुलाने, ऋषभने, कॉलेजात असताना घरात आणला. पुढे ऋषभ नोकरीसाठी कॅनडाला गेला. खेळ शाहूपुरीतल्या त्याच्या घरीच राहिला. मागे उरलेल्या मित्रांना बसायला जागा हवी होती, आणि वैधव्यात एकट्या पडलेल्या त्रिशलाबाईंना ऋषभच्या वयाचे आवाज.

सुरुवातीला त्या फक्त चहा आणून ठेवत. गोष्ट चालवणारी राजनंदिनी नियमांचे इंग्रजी पुस्तक वाचून मराठीत अर्थ सांगे, आणि कोडोलीला म्हशींचा गोठा सांभाळणारा कृष्णात त्या अर्थावर भांडे. सर्वांत मोठी भांडणे मोहिनीच्या मंत्रांवरून होत. तलवारीचा घाव मोजता येतो. दुसऱ्याच्या मनाचा ताबा कुठवर घेता येतो, हे मोजायचे कसे? त्रिशलाबाई अनेक वर्षे बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, शास्त्रवाचनाला बसलेल्या. तिथे एकेका शब्दावर सकाळ जाते. एकदा त्यांनी दारातूनच विचारले, “मोहिनी घातलेला माणूस काय करतो ते सांगितलंस. त्याला काय वाटतं, ते लिहिलंय का?” त्या दिवसापासून मोहिनीचे निवाडे त्यांच्याकडे आले.

ऋषभ गेल्यापासून एकाही दिवाळीला घरी आला नव्हता. व्हिडिओ कॉलवर तो खिडकीबाहेरचा बर्फ दाखवी. त्या मात्र खिडकीकडे बोट दाखवणारे त्याचे मनगट बारीक झाले का, ते पाहत.

दसरा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. खेळात कृष्णातच्या मांत्रिकाची वाट एका पुलावर अडली. पुलावर पहारेकरी होता.

“मंत्र टाकतो,” कृष्णात म्हणाला. “त्येला सांगतो, बाबा, तुझी आई लई आजारी हाय. पहारा सोड आणि घराकडं पळ.”

राजनंदिनीने पुस्तक उघडले. “सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला सयुक्तिक वाटली पाहिजे, असा नियम आहे. काकू, हे बसतं त्यात?”

“बसतं की. याहून सयुक्तिक काय असणार?”

फासा पडला, पहारेकरी पळाला, पूल मोकळा झाला. “काकू, तुमचा आशीर्वाद असला की राज्यं पालथी घालतो बघा!” असे कृष्णात म्हणाला, तेव्हा सगळ्यांबरोबर त्रिशलाबाईही हसल्या. पण ते वाक्य त्यांच्या मनात घर करून बसले.

त्याच आठवड्यात त्यांची धाकटी जाऊ रूपाली जयसिंगपूरहून आली. ऋषभची बंद खोली पाहून ती म्हणाली, “अक्का, तो आपणहून येणार न्हाई. छातीत दुखतंय म्हणून कळवा. मिळेल त्या विमानानं येतोय का न्हाई बघा.”

“पोराशी खोटं बोलू?”

“तुम्ही कशाला बोलताय? सोमवारी मी फोन करते. तुम्ही फक्त न्हाई म्हणू नका.”

कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि नुसती संमती दिलेले, तिन्हींनी सारखेच पाप बांधले जाते, हे त्रिशलाबाईंनी बस्तीत इतक्यांदा ऐकले होते की झोपेतही म्हणून दाखवता आले असते. तरीही त्या नाही म्हणाल्या नाहीत. “बघू,” म्हणाल्या. आणि रूपाली गेल्यावर त्यांनी ऋषभची गादी उन्हात टाकली.

रविवारी राजनंदिनीने गोष्ट पुढे नेली. “पहारेकरी घरी पोचला. आई जोत्यावर बसून शेंगा फोडतेय. तेवढ्यात मोहिनी उतरते. ती उतरली की आपल्यावर मोहिनी घातली होती हे माणसाला कळतं, असं इथं स्पष्ट आहे. आता तो काय करेल? काकू, तुम्ही सांगा.”

“आईला धडधाकट बघून त्याला आनंद होईल ना?”

“आनंद कसला, काकू!” कृष्णात उसळला. “आमचं म्हातारं दवाखान्यात होतं तवा कोडोलीपासनं हितवर मी कसा आलो, माझं मला म्हाईत न्हाय. कुणी असलं खोटं सांगून पळीवलं असतं, तर तंगडं मोडलं असतं त्येचं.”

“पण आईनं तर नव्हतं सांगितलं,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

“नसंल. पर उद्या ती खरंच आजारी पडली आणि सांगावा गेला, तर ह्यो येईल व्हय?”

त्रिशलाबाईंनी नियम पुन्हा वाचायला लावला आणि डोळे मिटून ऐकला. मग त्या सावकाश म्हणाल्या, “तो आईजवळ बसेल. तिनं वाढलेलं जेवेल. पण जेवताना तिच्याकडं नीट बघणार नाही. आणि मंत्र टाकणाऱ्याला तो कधी विसरणार नाही.”

“कृष्णात, वैरी वाढला तुझा,” राजनंदिनी म्हणाली.

“वाढू दे की. पूल तर गावला!”

त्रिशलाबाईंचे जेवण दिवस मावळण्याआधी होते म्हणून मुले वेळेत उठली. त्या ताट वाढून बसल्या, आणि पहारेकऱ्याच्या जागी त्यांना ऋषभ दिसू लागला. सांगाव्याच्या ओढीने जो दारात उभा राहील तो ऋषभ असेल, पण ज्याची त्या वाट पाहत होत्या तो नसेल. तो मनाने तिकडेच राहील, आणि नंतर कोणत्याही हाकेला ओ देताना आधी ती हाक तपासून पाहील. ताट तसेच ठेवून त्यांनी रूपालीला फोन लावला.

“उद्या काही कळवू नकोस.”

“मग बसा वाट बघत,” रूपाली फणकाऱ्याने म्हणाली.

“बसते.”

मग त्यांनी ऋषभला फोन केला. तिकडे सकाळ होती. “बोल, अव्वा,” तो म्हणाला. शिरोळकडच्या आजोळाने त्याला आईसाठी हाच शब्द शिकवला होता.

“दिवाळीला ये. कारण काही नाही. तुला बघावंसं वाटतंय.”

“अव्वा, यंदा सुट्टी नाही मिळायची गं. पुढच्या वर्षी बघतो.”

“बरं.”

नकार देता येईल असेच त्यांनी विचारले होते, आणि त्याने तो दिला होता. त्यात त्याची चूक नव्हती. तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

“तू कधी असं म्हणत नाहीस,” ऋषभचा आवाज एकाएकी बदलला. “तब्येत बरी आहे ना? खरं सांग. काही असलं तर मी उद्याच निघतो.”

आता रूपालीची गरज नव्हती. खोटे शब्दही लागले नसते. थोडा वेळ गप्प राहिले असते तरी पुरले असते. त्या क्षणभर गप्प राहिल्याच. पलीकडे त्याने श्वास रोखलेला त्यांना कळला.

“ठणठणीत आहे मी,” त्या म्हणाल्या. “अगदी ठणठणीत.”