पस्तीस फूट व्हिनाईल आणि एक कडी

बाथरूमच्या फरशीवरचं व्हिनाईल उचलून बघणारा कारागीर हसला, की समजावं आपला खिसा हलका होणार. आमच्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये तो उकिडवा बसला, कोपऱ्यातला फुगवटा अंगठ्याने दाबला, खालून काळं पाणी पिचकन बाहेर आलं आणि तो हसला.

"मॅडम, ये तो गया."

मी म्हटलं, गेलं ते मलाही दिसतंय, नवीन टाकायला किती लागतील ते सांगा. माझ्या मागे दारात ऐंशी पार केलेली माझी आय काठी धरून उभी होती. व्हिनाईलचं तिला काही देणंघेणं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "आनि कडी?"

त्या कडीवरून आमच्या घरात वर्षभर धुसफूस चालू होती. आदल्या वर्षी आय त्याच बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण कंबर महिनाभर धरली. आठवड्याच्या आत मी दोन कामं केली. गाद्या-पडदे विकणाऱ्या एका दुकानदाराकडून गुळगुळीत फरशीवर व्हिनाईल चिकटवून घेतलं, आणि स्क्रू-ड्रायव्हरने दाराची आतली कडी स्वतःच्या हाताने काढून टाकली. पुन्हा पडली तर दार फोडत बसायचं का? वर तिला बजावलं की आंघोळ मी पालघरच्या ऑफिसातून आल्यावर, संध्याकाळीच करायची. आणि आता घसरलीस तर आंघोळ घालायला बाई ठेवणार.

आय शांतपणे म्हणाली, "मेल्यावर चौघी मिळून घालतीलच की आंघोळ. तवर माजी मी."

पण कडी गेली ती गेलीच. मग ती दाराला आतून पाण्याने भरलेली बादली लावायला लागली. बादली फरफटल्याचा आवाज आला की माझं डोकं सणकायचं. मी बाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी हाक मारायची, "आय, झालं का?" आतून उत्तर यायचं नाही. मग मी दार ढकलायची, बादली कलंडायची, आणि आय अंगाशी लुगडं धरून माझ्याकडे अशी बघायची की मला माझ्याच घरात चोरासारखं वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हट्टी मीही तिचीच लेक.

तर कारागिराने हिशेब मांडला. बाथरूम सात बाय पाच, म्हणजे पस्तीस फूट. पण शीटचा रोल सहा फुटी, त्यामुळे पैसे बेचाळीस फुटांचे, वाया जाणारा तुकडाही आपल्याच माथी. सत्तर रुपये फुटाने दोन हजार नऊशे चाळीस. गोंद आणि कडेची पट्टी नऊशे. जुनं उपटून खालचा गोंद खरवडायचे बाराशे. बसवायची मजुरी दीड हजार. एकूण साडेसहा हजार आणि वर चाळीस. गेल्या वर्षी मी सगळं मिळून दोन हजारांत उरकलं होतं आणि ऑफिसात मिरवलंही होतं. तो म्हणाला, शीटला पैसा कमी लागतो, मेहनतीला जास्त. तुमच्या माणसाने ओल्या फरशीवर चिकटवलं आणि कडा मोकळ्या सोडल्या. ह्या वेळी दोन दिवस जमीन नुसती सुकवायची, मग चिकटवायचं, मग पुन्हा दोन दिवस पाण्याचा थेंब नाही.

फरशी फोडून खरखरीत लाद्याच का नको, असं मी विचारलं. तर त्याचा आकडा पंचवीस हजारांच्या पुढे, शिवाय खालच्या घरात गळती झाली तर ते भांडण वेगळं. आणि व्हिनाईल मऊ असतं, पडलंच माणूस तर मार कमी लागतो. ह्या शेवटच्या वाक्यावर मी हो म्हटलं.

त्याने कोपरा धरून शीट ओढली. संडासाच्या बाजूला ती हातभर फाटलेली होती, सरळ रेषेत, धारदार काहीतरी लागल्यासारखी. फाटक्या जागेखाली ओल्या गोंदात काहीतरी चमकत होतं. मी वाकून नखाने उचललं. माशाचे खवले. एकदोन नव्हे, चांगले मूठभर.

मी मागे वळून आयकडे पाहिलं. आय छताकडे बघत होती.

फ्लॅटमध्ये आल्यापासून मासे घरी साफ करायचे नाहीत, हा माझा नियम. शेजारीपाजारी नाकं मुरडतात, आणि तिला जमिनीवर बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली. खालचा मासळीचा गाडीवाला साफ करून देतो, वॉचमन वर आणून देतो, असं ती मला वर्षभर सांगत होती. मी रोज जेवताना त्या गाडीवाल्याचं कौतुक करायची. रावसाची तुकडी कशी तिरकी, काट्याला लागून, एकसारखी. म्हणायची, आय, ह्याला बरं कापता येतं हां. आय म्हणायची, "चांगला हाय तो." खरा प्रकार आत्ता कळला: आमच्या गावातली एक बाई दुपारी दारावर टोपली घेऊन येत होती, आणि मी ऑफिसात असताना आय बाथरूममध्ये विळी मांडून बसत होती. विळीच्या पाटाच्या लोखंडी पायाने शीट फाटली होती. तिरकी तुकडी आमच्या गावाकडची. ती खातच मी लहानाची मोठी झाले, आणि आईच्या हातची तुकडी मला ओळखता आली नाही. पालघरच्या ऑफिसात फायलीवरची सही खरी की खोटी, हे मात्र मी लांबून सांगते.

त्या दिवशी मी खूप बोलले. नको ते बोलले. साडेसहा हजार तुझ्या विळीने घालवले म्हणाले, आणि आता बाई ठेवणारच म्हणाले. कारागीर बिचारा खाली मान घालून गोंद खरवडत राहिला. आय आपली पिशवी भरायला लागली, कारण चार दिवस आंघोळीला जागा नव्हती आणि आम्हाला गावी भावाकडे जायचं होतं.

गाव म्हणजे तारापूरच्या बाजूची किनाऱ्यावरची वस्ती. रिक्षाने अर्धा-पाऊण तास. भावाची बोट आहे, घर त्याने पक्कं बांधलंय, बाथरूमला धरायला स्टीलचा दांडाही लावलाय. आयने ते सगळं पाहिलं, बरंय म्हणाली आणि मागच्या दाराने सरळ माडाखाली गेली. तिथे आमच्या जुन्या न्हाणीचा दगड अजून आहे. भाऊ आता त्यावर बसून जाळी धुतो.

मी लहान असताना त्या दगडाभोवती माडाच्या विणलेल्या झापांच्या चार भिंती होत्या. दाराला डब्याचा ठोकून सपाट केलेला पत्रा, आणि आतून खिळ्याला अडकवायची तारेची कडी. आय पहाटे टोपली डोक्यावर घेऊन निघायची, बोईसरच्या बाजारात दिवसभर मासे विकायची. दिवसभर सगळे तिला हाका मारत असायचे. बाजारात गिऱ्हाईकं, घरी आल्यावर बाबा, आणि आम्ही भावंडं तर तिच्या पदराला लोंबकळलेलीच. पण संध्याकाळी ती न्हाणीत शिरली आणि तारेची कडी पडली, की तिला हाक मारायची नाही. न्हाणीतल्या बाईला हाक मारू नये, असं आमच्याकडे होतंच, पण आमच्या घरात तो कायदा होता. होडी बुडाली तरी थांबायचं. आम्ही ओट्यावर बसून नुसतं पाणी ऐकायचो. आंघोळ संपली की ती पितळी तांब्या दगडावर दोनदा आपटायची, टण टण. म्हणजे आता मारा हाका. त्यासरशी आम्ही सगळे एकदम ओरडायचो. बाबासुद्धा. त्या आवाजाइतकं स्पष्ट दुसरं काही माझ्या बालपणातलं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी वहिनीने माडाला दोरी बांधून दोन चादरी लावल्या. आय दगडावर बसली आणि मला म्हणाली, "तू जा तिकडं." मी विहिरीपाशी पाठ करून उभी राहिले. घसरेल, पडेल, असं मनात चाललेलंच होतं. एवढ्यात भाऊ बंदरावरून आला. "आय कुठं हाय?" म्हणाला, मग पाण्याचा आवाज ऐकून गप्पच झाला आणि ओट्यावर बसला. साठीला टेकलेला माणूस, ओल्या कपड्यांनी, चहाविना, नुसता बसून राहिला. मग चादरीमागून आलं. टण टण.

"आय, चा ठेवायला सांगू का?" भाऊ लगेच ओरडला.

मी मात्र तिथेच विहिरीच्या कठड्याला धरून रडायला लागले. कारण आय घसरली त्या दिवशी हाक मी मारली होती. भावाचाच फोन आला होता, साधा, खुशालीचा. मी बाहेरून ओरडले, आय, लवकर ये, फोन आहे. जन्मात न्हाणीत हाक न ऐकलेली बाई दचकून उठली आणि घसरली. गेलं वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते की फरशी निसरडी होती. कडी काढली, व्हिनाईल टाकलं, बाईची धमकी दिली, आणि हे सगळं मी फरशीच्या नावावर घातलं.

रात्री अंथरूण घालताना मी तिला विचारलं, घरी तू तांब्या का वाजवत नाहीस?

"वाजवते की. रोज," आय म्हणाली. "तुज्या त्या गादीवर आवाजच होत नाय."

"मग सांगायचं नाही? मी बाहेर हाका मारून मरते."

"न्हानीत बसून वरडू?" तिने तोंड फिरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "त्या दिवशीचं मनात ठेवू नको, बाय. फोन हाय म्हनल्यावर मंग मानूस हाक मारनारच."

म्हणजे तिला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं, आणि एका शब्दाने तिने मला ते टोचलं नव्हतं.

पाचव्या दिवशी आम्ही परत आलो. नवीन शीट छान बसली होती, कडा भिंतीला चार बोटं वर चढवलेल्या, दाबलं तरी कुठे पोकळ लागेना. कारागीर पैसे घ्यायला आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या डब्यातून जुनी कडी काढली आणि त्याच्या हातात ठेवली. त्याने दोन भोकं पाडून ती बसवली. ह्याचे किती म्हटलं, तर माताजींकडे बघून नुसता हात हलवला. विळीसाठी मी बाजारातून जाड रबराचा तुकडा आणला होता. तो बाथरूममध्ये नाही, स्वयंपाकघरात, उंच ओट्यावर टाकला, आणि शेजी नाक मुरडते तर मुरडू दे म्हटलं. आयने रबर बोटाने चाचपून बघितलं, चालेल म्हणाली.

संध्याकाळी ती आत गेली. कडी पडली, खट. मी खुर्ची ओढून बाहेर बसले. पाणी ऐकू येत होतं. मग पाणी थांबलं. बराच वेळ काहीच नाही. माझं तोंड हाक मारायला उघडलं, ते मी पदराने दाबून धरलं. आता व्हिनाईलवर काय ऐकू येणार, पडली तरी कळणार नाही, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. तरी बसून राहिले.

मग आतून आलं, टण टण. तांब्या तिने नळावर आपटला होता.

सांगायचं तर माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी मी हाक मारली.

"आय."

"काय गं?"

"काय नाय."