पन्नी तोडणारा दात

तिगावच्या रोपवाटिकेत वामन कामाला बसला की त्याच्या तोंडाकडे दोन कामं असतात. पहिलं, ओठांत डोळा धरायचं. डोळा म्हणजे संत्र्याच्या काडीवरून सालीसकट अलगद काढलेली कळी, नखाएवढी. हात जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर देतात, तोवर ती ओठांवर ओली राहते. मग ती चिरेत सरकवायची, वरून पन्नीची, म्हणजे पातळ प्लास्टिकची, पट्टी गुंडाळायची आणि उरलेली पट्टी पुढच्या दाताने तोडायची. हे दुसरं काम. पट्टी तोडताना तोंडाची ऊब लागल्याशिवाय डोळा जीव धरत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. चाळीस वर्षांत वामनने दुसरी रीत करून पाहिलीच नव्हती.

या हिवाळ्यात तो दात काळा पडला. पांढुर्ण्याच्या डॉक्टर शीतलने मूळ साफ केलं, दात घासून बारीक केला, माप घेतलं आणि वर कच्ची टोपी चिकटवली.

"काका, ही आठ दिवसांपुरती. पक्की नागपूरहून बनून येईल. चिकट खायचं नाही, सुपारी फोडायची नाही. आणि पन्नी तर पक्की बसल्यावरही तोडायची नाही."

"मंग डोळा कुठं धरू जी?"

"ओठांत धरा की! ओठांना कुठे टोपी घातली मी?"

परतताना बधिर ओठ दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. बसच्या खिडकीतून कपाशीची शेतं मागे जात होती, पांढरी, निवांत, जणू तीही बधिर केलेली. वामनला एकच घोर लागला होता. बापाचं खरं असेल तर उद्यापासून आपले डोळे मरतील. मग आपण कोण?

दुसऱ्या दिवशी उन्हाची गुंगी आली. वाफ्यांवर धुकं विरघळत होतं. शेजारच्या रिकाम्या पाटावर वारलेला बाप बसलाय, त्याच्याही ओठांत हिरवं काहीतरी आहे, असं वाटत राहिलं. हात चालत राहिले, तोंड सवयीने पट्ट्या तोडत राहिलं. दुपारच्या चहाचा पहिला घोट दाताला झोंबला, तेव्हा जीभ वर गेली. तिथे टोपी नव्हती, घासलेला खुंट तेवढा होता.

सारी माती चाळली. टोपी सापडली नाही.

घरी इंदूने ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "अजी, तुमी तं झाडालेच दात बांधून आले! आता संत्री चावतीन मानसाले."

"हासून राहिली तू. माहा धंदा बुडून राहिला."

"धंदा दातात हाये का हातात?" ती म्हणाली. मग कैची घेऊन बसली आणि बोटभर लांबीच्या पट्ट्या कापून त्यांची जुडी बांधून ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी रागावून दुसरी कच्ची टोपी लावली. त्या दिवसापासून वामन इंदूच्या कापलेल्या पट्ट्या वापरू लागला. प्रत्येक रोपाशी तोंड पुढे व्हायचं आणि मध्येच थांबायचं, एखाद्याचं नाव आठवता आठवता विसरावं तसं. आठव्या दिवशी पक्की टोपी बसली. गार, गुळगुळीत. रात्री हिरडीच्या कडेने हळू ब्रश फिरवताना वाटायचं, आपण दुसऱ्याची वस्तू सांभाळतोय.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडायचा दिवस आला. डोळा हिरवा असला तर धरला, काळा असला तर मेला. आधी त्याने दाताने तोडलेली रांग घेतली. हिरवा, हिरवा, हिरवा. मग एका रोपावर पन्नीखाली फुगवटा दिसला. सोडल्यावर कच्ची टोपी तळहातावर पडली. ती आत राहिल्याने पट्टी सैल बसली होती. खालचा डोळा काळा.

ज्याला तोंडाची ऊब सगळ्यात जास्त मिळाली, तोच वाळला होता.

वामनने मान वळवून पाहिलं. शेजारचा पाट रिकामा होता. मग तो कैचीच्या रांगेकडे सरकला आणि पहिली पट्टी उलगडली. हिरवा. दुसरी. हिरवा. पाचव्यापाशी त्याची जीभ नव्या दातावरून नकळत फिरली, आणि या वेळी तो दात त्याला परका लागला नाही.

"इंदू," संध्याकाळी तो दारातूनच म्हणाला, "उद्यासाठी पट्ट्या जास्त काप वो."