न धुतलेला डबा

थोरल्या नातवाने परदेशातून फोनवर विचारलं, "आजी, शाळेचं प्रोजेक्ट आहे. तुमच्याकडे करप्शन कसं चालतं?" मी म्हटलं, "फार शिस्तीत." त्याला तो विनोद वाटला. म्हणून हे लिहून पाठवते आहे. थोरल्या, धाकटीलाही वाचून दाखव, गोष्ट तिच्याच आंघोळीची आहे.

धाकटे, तुझा जन्म भिवंडीचा. तुझी आई बाळंतपणाला माझ्याकडे आली होती, आणि तू महिन्याचीही नव्हतीस तेव्हा आमच्या नळाचं पाणी गेलं. धरण भरलेलं होतं, वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला होता. फक्त नारपोलीतल्या आमच्या गल्लीपर्यंत यायला ते पाणी तयार नव्हतं. मालिशवाली बाई तुला तेल चोळून मांडीवर घेऊन बसायची आणि आम्ही एका तपेल्यात तुझी आंघोळ उरकायचो. तुझं अंग घामोळ्यांनी लाल झालं, तू दिवसभर रडायचीस. डॉक्टर म्हणाले, "बाळाला रोज भरपूर स्वच्छ पाण्याने आंघोळ घाला." पाणी चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर औषधाच्या दुकानात तरी विचारलं असतं.

मी शिकलेली, म्हणून आधी महापालिकेत जाऊन इंग्रजीत अर्ज केला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला, "काय भाषा आहे!" म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. चहाला पाणी होतं.

मग आमच्या नगरसेवकाकडे गेले. खाडीकाठच्या गावातला माणूस, गोदामांना जमिनी देऊन मोठा झालेला. मला काकी म्हणायचा. "काकी, पानी हाय, पन आपल्याला न्हाय. मागच्या गल्लीवाल्यांनी लाईन तिकडं ओढलीय. या टायमाला आपल्याला निवडून द्या, मंग बघतो त्यांच्याकडं."

मागची गल्ली मुसलमानांची. दोन गल्ल्यांच्या मधे लूमचा कारखाना, त्याच्या खडखडाटात या बाजूचं त्या बाजूला काही ऐकू जात नसे. पुढाऱ्यांना याहून चांगली सोय कुठली? देश कसा दुभंगला आहे यावर टीव्हीवर मोठी माणसं तावातावाने भांडायची. आमच्याकडे तेच काम पाण्याच्या एका व्हॉल्व्हवर भागत होतं.

दोन दिवसांनी नगरसेवकाची कृपा झाली. टँकर आला. बाजूला कापडी बॅनर, त्यावर हात जोडलेला त्याचा फोटो आणि 'आपलं पाणी, आपला माणूस'. आम्ही हंडे घेऊन त्या फोटोपुढे रांगेत उभे राहिलो. हंडाभर पाणी आणि भरपूर उपकार मिळाले.

मागच्या गल्लीत माझी एक मैत्रीण होती. सगळे तिला आपा म्हणत, मीही. आमची एक रीत होती. एकीने खाऊ पाठवला की दुसरीने डबा घासूनपुसून परत करायचा, आणि रिकामा कधीच नाही. ईदचा शीरखुर्मा, दिवाळीच्या करंज्या, एकच स्टीलचा डबा वर्षानुवर्षं ये-जा करत होता. तुझ्या बारशाचा शिरा मी त्यातूनच पाठवला. दुसऱ्या दिवशी डबा आला. आत खजूर होते, पण कडेला शिऱ्याचं तूप आणि दोन बेदाणे तसेच चिकटलेले.

माझा पारा चढला. आमच्या वाटणीचं पाणी पिणाऱ्यांना एक डबा धुता येऊ नये? तुझी आई म्हणाली, "आई, जाऊ दे ना." मी जाऊ देत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. डबा घेऊन थेट आपाच्या दारात गेले.

"आपा, हे काय?"

आपाने मान खाली घातली. "बाई, पाठवताना शरम वाटली हो. पण ठेवून घेतला असता तर तुम्ही म्हणाल, पोरीच्या खुशीला आपाने काही दिलं नाही. आणि धुवायला पाणी कुठून आणू? सगळं तर तुमच्या गल्लीत."

"आमच्या?"

"आमचे नगरसेवक तर हेच बोलतात. वो लोग लाइन खींच लिए."

मी आत पाहिलं. मोरी कोरडी ठणठणीत, पिंप उपडं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. त्यांच्या नगरसेवकाचा टँकर आला होता. फोटो दुसरा, हात तसेच जोडलेले. 'अपना पानी, अपना आदमी'. पण टँकरच्या मागे रंगवलेला मोर माझ्या ओळखीचा निघाला. गंजून त्याची मान उडाली होती आणि त्या सकाळीही मी त्याच्यापुढे रांगेत उभी होते. मी बॅनरचा कोपरा उचलला. आतल्या बाजूला आमचा माणूस हात जोडून उलटा लटकला होता. दोन बॅनर पाठीला पाठ लावून शिवलेले.

ड्रायव्हर सरळ माणूस. "माताजी, नुक्कड़ पे पलटने का ऑर्डर है. दोनों साहब पार्टनर हैं ना."

"आणि भरतोस कुठे?"

त्याने कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हकडे बोट केलं. आमचं दोघींचं पाणी तिथेच बंद होत होतं, आणि तिथेच टँकरमध्ये चढत होतं.

त्या आठवड्यात पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होती. सणांआधी ती भरते. दोन्हीकडची माणसं समोसे खाऊन भाईचाऱ्यावर बोलतात. आम्ही दोघीही गेलो. दोघे नगरसेवक शेजारी शेजारी बसले होते. आपाने पोलीस साहेबांच्या टेबलावर डबा ठेवला.

"साहेब, आमच्या दोन गल्ल्यांत तंटा झालाय. बाईंचा डबा मी न धुता परत केला."

"मग धुवा की."

"पाणी बाईंकडे आहे."

"छे, आपांकडे आहे," मी म्हटलं. "त्यांच्या नगरसेवकांनी आणि आमच्या नगरसेवकांनी तसंच सांगितलंय. साहेब, टँकरचा बॅनर एकदा उलटून बघा."

साहेबांना टँकर माहीत होता. ठाण्यातही तोच यायचा, बिनबॅनरचा. त्यांनी समोसा खाली ठेवला. आमचा नगरसेवक पुटपुटला, "काकी, घरातलं घरात बोलायचं व्हतं." साहेबांनी आम्हा दोघींना वातावरण बिघडवू नका अशी समज दिली. त्या दोघांना कसलीच दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दोन्ही गल्ल्यांत नळ आले. दुपारपर्यंत दोन्हीकडे फलकही लागले: अथक प्रयत्नांना यश. पुढे दोघेही निवडून आले, ते सांगायला नको.

पण धाकटे, त्या दिवशी तुला बादलीभर आंघोळ मिळाली. मालिशवालीने तुला पायांवर आडवं घेतलं, आपाने पाणी ओतलं आणि तू पहिल्यांदा न रडता झोपलीस.

पाणी नंतरही अधूनमधून जायचं. मग आपा डबा न धुता पाठवायची, मीही. आत खाऊ असायचाच. नगरसेवक काय सांगतो ते ऐकण्याआधी आम्ही डब्याचा तळ बघायचो.