खालचे दोन हुक

'संकोच जपणं' हे शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. आईच्या हृदयाची इको तपासणी झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिचा संकोच तेवढा जपला. हृदय राहिलं बाजूला.

आमचं घर नाशिक रोडला, तिसऱ्या मजल्यावर. आई इगतपुरीकडची, भातलावणी करत वाढलेली. ती दुसऱ्या मजल्यावरच दम लागून पायरीवर बसायला लागली, पावलं सुजली, तेव्हा मी तिला जवळच्या एका सेंटरमध्ये नेलं. इको काढणारा तरुण पुरुष होता. म्हणाला, "मावशी, ब्लाउज काढून हा गाऊन घाला आणि डाव्या कुशीवर झोपा." आईनं पदर गच्च आवळला. "नाय बा. परक्या बाप्यापुढं?" आणि मी, शिकलासवरलेला मुलगा, काय म्हणालो? "वरूनच करा ना साहेब, बाईमाणूस आहे."

तोही मोठा भला! फक्त खालचे दोन हुक सोडायला लावले आणि आईला उताणीच ठेवून जेल लावलेला प्रोब कडेकडेनं फिरवला. पडद्यावर नुसतं धुकं, त्यात लाल-निळे ठिपके. 'नीट दिसलं नाही' एवढं लिहायला याचं काय जात होतं? दहा मिनिटांत छापील रिपोर्ट हातात: पंपिंग साठ टक्के, सगळं नॉर्मल. दिसलंच नाही तर साठ आले कुठून? हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी पेढे घेऊन घरी आलो.

सहा महिने आम्ही तिला गॅसच्या गोळ्या दिल्या. वय झालं, म्हणत राहिलो. मग एका सकाळी तिला आडवंच होता येईना. दुसऱ्या दवाखान्यातला डॉक्टरही पुरुषच. त्यानं सांगायच्या आत आईनं स्वतः सगळे हुक काढले. उशांचा टेकू देऊन त्यानं तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि बरगड्यांच्या फटीत प्रोब नीट टेकवला.

"डॉपलरवर रक्त कसं वाहतं ते दिसतं, आणि हृदयाचा स्नायू किती वेगानं हलतो तेही मोजता येतं," तो म्हणाला. स्नायू हलत होता, पण उसनं अवसान आणल्यासारखा. पंपिंग तीस. "औषधांनी थोडं सावरेल. सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं."

आलो होतो की! त्या सेंटरवाल्याच्या तोंडावर रिपोर्ट फेकायचा, असं मी तिथंच ठरवलं. अजून गेलेलो नाही. तो विचारेल, वरूनच करा असं कोण म्हणालं होतं?

घरी आल्यावर आईला काही न लपवता सांगितलं. ती म्हणाली, "मी अडाणी, मी लाजले. तू का नाय दटावलं मला?"